रंगूनची पंगत

भाऊजी,

तुमचा देह मिळाला नाही, म्हणून भटजींनी पळसाच्या पानांचा माणूस करायला सांगितला. डोक्याच्या जागी नारळ, हातापायांच्या जागी पानांच्या जुड्या आणि सगळ्याला गुंडाळलेला लोकरीचा धागा. पानं आणायला तुमचे दादाच गेले, दाणाओळीच्या तोंडाशी पत्रावळीवाला बसतो त्याच्याकडे. त्याने सवयीने विचारलं, "पंगतीला माणसं किती?" हे नुसतीच पानं घेऊन परत आले. तसल्याच पानांवर तुम्ही इथे वर्षानुवर्षं लोकांना वाढलंत आणि शेवटी त्यांचेच तुम्हाला हातपाय झाले. मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

काल तेरावं झालं. काल पंगतीत जे घडलं ते तुम्हाला सांगायलाच हवं, पण ते मागाहून. आधी थोडं भांडून घेते. आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि तुम्ही निघून गेलात म्हणून ते मिटलं, असं मी मानत नाही.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही शाळेत होता आणि माझ्या डब्यातल्या वड्या चोरायचात. घरात पाऊल टाकून आठ दिवस झाले नसतील, तोच तुम्ही मला मामंजींच्या आगीची गोष्ट सांगितलीत. मामंजी तेव्हा इथे ग्वाल्हेरच्या राजवाड्याच्या मुदपाकखान्यात पंगतींची व्यवस्था बघत. कुठल्याशा उत्सवाची मोठी पंगत बसली होती आणि भात वाढून होतो न होतो तोच मागच्या लाकडांच्या कोठीला आग लागली. धूर दिसायला लागला. लोक चुळबुळ करायला लागले. मामंजी पंगतीच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सावकाश होऊ द्या." कोणी उठलं नाही. ताकभातापर्यंत सगळं यथासांग झालं, मंडळींनी हात धुतले, बाहेर पडली, आणि मग कोठी कोसळली. दरबारातून मामंजींना शालजोडी मिळाली. भरल्या पानावरून माणसाला उठवायचं नाही, मग काहीही होवो, हा आपल्या घरचा कायदा तिथून झाला.

गोष्ट सांगताना तुमचे डोळे असे चमकत होते की मला हसू आलं. मी विचारलं, "आणि आग पंगतीकडे आली असती तर?"

तुम्ही गोंधळलात. मग म्हणालात, "आली नाही ना पण!"

हे उत्तर मला तेव्हाही पटलं नव्हतं. नवी नवरी होते म्हणून गप्प बसले. पुढे मी गप्प बसणं सोडलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

मोठे झाल्यावर तुम्हीही वाड्यावरच्या पंगतीत वाढायला जाऊ लागलात. मग एका सरदारांबरोबर त्यांचं खाणंपिणं बघायला म्हणून रंगूनला गेलात, आणि परत आलात ते तुम्ही नव्हताच. पाय जमिनीवर ठरेनात, जिभेवर दुसरा विषय राहीना. "वहिनी, तिथे आपली किती माणसं आहेत! रेल्वेत, टपालात, लाकडाच्या वखारीत. बिचारे तिखटाच्या पाण्याला आमटी म्हणतात. मी त्यांना वरणभात वाढला तर ते मला डोक्यावर घेऊन नाचतील." मी म्हटलं, "नाचतील खरे, पण तुम्हाला डोक्यावर घ्यायला दोन माणसं जास्त लागतील." तुम्ही तेव्हा चांगलेच सुटला होता. तुम्ही रुसून मागच्या अंगणात जाऊन बसलात आणि भजी तळली तसे परत आलात.

मामंजींचा विरोध रंगूनला नव्हता. समुद्र ओलांडण्यालाही नव्हता. त्यांचं एकच म्हणणं होतं: "अन्न वाढायचं असतं, विकायचं नसतं." किती दिवस हा घोळ चालला! तुम्ही त्यांच्याशी बोलायचात, ते भिंतीशी बोलायचे, आणि मी मधे बसून तांदूळ निवडायची. शेवटी तुम्ही म्हणालात, "बाबा, जागेचे पैसे घेईन, मेहनतीचे घेईन. पण वाढीन तुमच्यासारखं. डावी बाजू डावीकडे, उजवी उजवीकडे, आणि बसलेल्या माणसाला कोणी उठवणार नाही." मामंजी उठले. परवानगी म्हणून त्यांनी देवापुढची सुपारी आणून तुमच्या हातावर ठेवली. त्या क्षणी घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मला वाटलं नाही. का ते सांगता आलं नसतं, पण ती सुपारी तुमच्या हातावर पडताना मला आगीची गोष्ट आठवली.

इथल्या गिरधारी हलवायाला तुम्ही भागीदार केलंत, हे मात्र उत्तम केलंत. त्याचा हात चुलीवर आणि तुमचा पानावर, अशी वाटणी झाली. खाणावळीचं नाव आपल्या इथल्या लष्कर भागावरून, 'लष्कर भोजनगृह'. नावाखाली पाटीवर तुम्ही मराठीत आणि हिंदीत लिहवून घेतलंत, 'सावकाश होऊ द्या'. बाकीच्या खाणावळींत म्हणे घास तोंडात असतानाच मालक पुढच्या गिऱ्हाइकाला मागे आणून उभा करतो. तुमच्याकडे रेल्वेतला कारकून कचेरीला उशीर झाला तरी मागचा भात घेतल्याशिवाय उठायचा नाही. ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा झाला तेव्हा तुम्ही ऐटीत कळवलंत की, आता माझी खाणावळ परदेशात आहे आणि त्यासाठी मला जागचं हलावंही लागलं नाही. मी ते पत्र शेजारपाजारी वाचून दाखवलं. माझ्या दिराची परदेशात खाणावळ आहे, असं म्हणायला मला आवडायचं. आज हेही सांगते, कारण तोंडावर तुमचं कौतुक मी कधी केलं नाही. लगेच चढून बसायचात.

मग तुम्ही लग्न करायला इकडे आलात. शालिनी घरात आली आणि दोन-तीन महिने घर कसं भरून गेलं होतं. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून आम्हा दोघींना कोळशाने जमिनीवर खाणावळीचा नकाशा काढून दाखवलात. खाली अंगण, विहीर आणि गिरधारीच्या चुली. वर माडीवर पंगतीची जागा. सगळं घर लाकडाचं. मी विचारलं, "जिने किती?"

"एक."

"एकच? इतकी माणसं वर, आणि खाली यायला एकच जिना?"

"एकच बरा, वहिनी. न जेवता कोणी सटकत नाही." असं म्हणून तुम्ही हसलात. शालिनीही हसली. मी त्या कोळशाच्या जिन्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी जमीन सारवताना तो पुसला, तरी मला तो तिथे दिसायचा. अजून दिसतो.

तुम्ही एकटे परत गेलात. जागेची सोय झाली की शालिनीला बोलावतो म्हणालात, आणि श्रावणात तुमचं बोलावणं आलं. दिवाळीनंतर गिरधारीच्या मेहुण्याचं कुटुंब निघतंय, त्यांच्याबरोबर पाठवा. इथे तोवर कंपूतल्या, म्हणजे छावणीतल्या, पलटणीतली माणसं लढाईवर जायला लागली होती. रोज कोणाच्या तरी दारात टांगा उभा आणि बाया पदर तोंडाला लावून. तुम्ही ते बघत नव्हता, मी बघत होते. मी ह्यांना सांगितलं, शालिनी जाणार नाही. मामंजींना सांगितलं. शालिनीलाही सांगितलं, आणि ती माझ्याशी बोलेनाशी झाली. तुम्ही लिहिलंत, "वहिनी, तुमचं जग किल्ल्याच्या सावलीएवढं आहे. इतकं घाबरायची काय बात आहे? लढाई तिकडे विलायतेत चालली आहे. इथे बिलकुल फिकीर नाही." मी उलट लिहिलं, "दुसरा जिना बांधा, मग पाठवते."

त्यावर तुमचं उत्तर आलं नाही. रुसलात, की लिहायचं राहिलं, की लिहिलेलं पोचलं नाही, हे मला आता कधी कळणार नाही. आपलं भांडण तिथे अडकून पडलंय. शालिनी इथे माझ्या शेजारच्या खोलीत जिवंत आहे, भाऊजी. मी जिंकले, आणि हरायला तुम्ही नाही आहात. या जिंकण्याचं मी काय करू, तेवढं सांगा.

पौषात बातमी आली की रंगूनवर जपानी विमानांनी बाँब टाकले. त्यानंतर काही नाही. ना पत्र, ना तार. मामंजी म्हणायचे, "टपाल बंद आहे, एवढंच." शालिनी रोज ठळक कुंकू लावायची, आधीपेक्षा मोठं. कोणी मोठ्याने तुमचं नाव घेत नसे. माझ्या हातून मात्र सारखं एक पान जास्त वाढलं जायचं, आणि ते बघून सासूबाई उठून आत जायच्या.

होळी होऊन गेल्यावर एका दुपारी दारात एक माणूस उभा राहिला. मी त्याला भिकारी समजले. पाय फुगलेले, दाढी वाढलेली, अंगावर कोणाचा तरी सदरा. तो म्हणाला, "भाभीजी, मैं गिरधारी." तो एकटा आहे हे बघितलं आणि मला सगळं कळलं. तरी मी त्याला आधी पाणी दिलं. मामंजी आत झोपले होते. ह्यांनी त्याला ओट्यावर बसवलं आणि त्याने अगदी हळू आवाजात सांगितलं.

सकाळची, कचेरीवाल्यांची पंगत बसली होती. विमानांच्या धोक्याचा भोंगा झाला. रस्त्यावर लोक वर बघत उभे होते, कोणाला काही कळत नव्हतं. गिरधारी खाली चुलीपाशी होता. त्याने जिन्याखालून तुम्हाला हाक मारली, "बापूजी, सबको लेकर नीचे आ जाओ!" वर पाट सरकल्याचे आवाज आले. दोघं-तिघं उठले असावेत. मग त्याला तुमचा आवाज ऐकू आला. "बसा, बसा. मागचा भात राहिलाय. सावकाश होऊ द्या." पाट परत सरकले. आणि तुम्ही जिन्यावरून खाली ओरडलात, "गिरधारी, भात पाठव!"

तो भात काढायला विहिरीकडच्या भिंतीआड गेला. ती भिंत राहिली म्हणून तो राहिला. घर राहिलं नाही.

सांगून झाल्यावर तो रडायला लागला. "भाभीजी, वो लोग उठ गये थे. बापूजी ने बिठा दिया." ह्यांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. भाऊजी, तुम्ही गेलात याचं दुःख मला आहेच, ते जन्मभर राहील. पण ती उठलेली माणसं? त्यांच्याही घरी कोणी पान वाढून बसलं असेल. ती माणसं तुमच्या शब्दावर परत बसली, कारण तुमच्या आवाजात मामंजींचा आवाज होता आणि त्या आवाजापुढे कोणी उठत नाही. तुम्ही भित्रे नव्हता, लोभी नव्हता, तुम्ही त्यांना मायेने बसवलंत. हे मला माहीत आहे, म्हणून तर हा राग कुठे ठेवावा ते कळत नाही.

तेवढ्यात मामंजी जागे होऊन बाहेर आले. त्यांनी गिरधारीला ओळखलं. खांबाला धरून उभे राहिले. पहिला प्रश्न काय विचारला असेल? "पंगत पुरी झाली होती?"

गिरधारीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो मामंजी. ताकभात झाला होता. मंडळी हात धुऊन खाली गेली होती, भाऊजी एकटेच वर आवरत होते."

"बरं झालं," मामंजी म्हणाले, आणि मग खाली बसून लहान मुलासारखे रडले.

त्या दिवसापासून जो भेटायला येई त्याला ते सांगत, "पंगत पुरी करून गेला माझा बापू." माणसं माना हलवायची. म्हणायची, वडलांचं नाव राखलं. मी आतून ऐकायची आणि दात आवळून धरायची. ह्यांनी एकदाच मला विचारलं, "सांगायचं का बाबांना खरं?" मी म्हटलं, "सांगून काय होणार आहे? त्यांचाच कायदा त्यांच्या मुलाला घेऊन गेला, हे त्यांच्या म्हातारपणात त्यांच्या पानावर वाढू?" पण रात्रंदिवस मला वाटत होतं की हे सांगायला हवं. कारण घरात तुमच्या पुतण्यांना तीच गोष्ट परत सांगितली जात होती. आता एका गोष्टीच्या दोन झाल्या होत्या, एक मामंजींची आणि एक तुमची. मुलांचे डोळे तुमच्यासारखेच चमकत होते. मला त्या डोळ्यांची भीती वाटायला लागली.

शालिनीचं म्हणाल तर ती अजून बोलत नाही, पण माझ्या हातचं जेवते. तिचे केस उतरवायचा विषय एका काकूंनी काढला, त्यांना मी दार दाखवलं. तुम्ही असता तर तुम्हीही तेच केलं असतंत, फक्त जरा गोड बोलून.

आता कालचं सांगते.

तेराव्याची पंगत अंगणात बसली होती. पंगतीच्या टोकाला मामंजी, मग भटजी, मग आप्त. गिरधारीला मी आग्रहाने पंगतीतच बसवलं. काहींनी भुवया चढवल्या, चढवू देत. मुलं शेवटच्या पाटांवर होती. गोड वाढून झालं, भात आला, मी वरण घेऊन मधे उभी होते. आणि गिरणीचा भोंगा झाला.

गिरणी इथून लांब, वारा असेल तरच भोंगा ऐकू येतो, आणि ती त्याची वेळ नव्हती. दरबाराने दवंडी पिटवली होतीच की, विमानं आलीच तर गिरणीचा भोंगा वाजेल, आणि आधी कधीतरी सरावासाठीही वाजवतील. आम्ही ऐकून सोडून दिलं होतं. जपानी इतक्या लांब ग्वाल्हेरला कशाला येतील? पण तो वाजतच राहिला. गिरधारी पांढराफटक पडला. त्याचा हात भातात होता, तो तसाच राहिला. दोघं-तिघं उठण्याच्या बेतात आले आणि मग सगळ्यांनी मामंजींकडे बघितलं.

मामंजींची मान खाली होती. ते आता काय म्हणणार ते अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं. तुमचे पुतणे पाटावर ताठ बसून त्या शब्दांचीच वाट बघत होते, चेहऱ्यावर फुशारकी. मी वरणाचं भांडं खाली ठेवलं. मी ओरडणार होते. तेराव्याची पंगत असो नाहीतर कोणाचीही, मी आज मुलांना ओढून बाहेर काढणार होते आणि मग खरं काय ते सगळ्यांदेखत सांगणार होते.

मामंजींनी हात पानाबाहेर काढला.

"उठा," ते म्हणाले.

कोणाला कळलंच नाही. भटजी म्हणाले, "अहो, पण भरल्या पानावरून..."

"उठा म्हणतो ना! सगळे उठा! मुलांना आधी बाहेर घ्या!" मी इतक्या वर्षांत त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. पंगत उठली. उष्ट्या हातांनी, पानं ओलांडत, वरण सांडत, माणसं मोकळ्या मैदानाकडे धावली. शालिनीला मी हाताला धरून बाहेर आणलं. आम्ही सगळे तिथे वर बघत उभे राहिलो. आभाळ स्वच्छ होतं. थोड्या वेळाने भोंगा थांबला. सरावच होता.

माणसं ओशाळून हसायला लागली. मामंजी हसले नाहीत. ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "सूनबाई, ताकभात झाला नव्हता ना?"

मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हटलं, नव्हता झाला.

"कळलं होतं मला. गिरधारीचं तोंड बघूनच कळलं होतं." मग ते हाताला लागलेला, वाळलेला भात बोटाने काढत राहिले. "मुदपाकखान्यात आग लागली ना, तेव्हा वारा उलट्या बाजूला होता. ज्वाळा बागेकडे जात होत्या. मी आधी बाहेर जाऊन बघून आलो होतो, आणि मगच मंडळींना बसवलं." बोटाला चिकटलेलं शेवटचं शीत त्यांनी झटकलं. "ते सांगायचंच राहून गेलं गं मुलाला. गोष्टीत वारा कधी आलाच नाही."

भाऊजी, यापुढे मी तुमच्याशी भांडणार नाही. ज्याला अर्धीच गोष्ट मिळाली त्याच्याशी काय भांडायचं? घरी परतल्यावर मामंजींनी मुलांना जवळ बसवलं आणि ती गोष्ट पहिल्यापासून सांगितली, वाऱ्यासकट, आणि मग तुमचीही, जिन्यासकट. शालिनी दाराशी येऊन ऐकत होती. अंगणातली अर्धी जेवलेली पानं मी एकेक करून उचलली.

काल तुमच्या घरची पंगत भरल्या पानावरून उठली, भाऊजी. सगळी माणसं बाहेर आली. आता तुम्हीही उठा.